कॅमेऱ्यामागं कोण उभं राहणार?



सध्या सिनेमाच्या कार्यशाळांचं पीक जोरात आहे. एक नामवंत दिग्दर्शक, वीस होतकरू पोरं, चार दिवस, प्रमाणपत्र आणि शेवटी फोटो. प्रस्थापित म्हणतात, आम्ही नव्यांना हात देतोय. द्या की! फक्त हात कुणाला देताय, एवढंच आम्ही विचारतोय.

इंदापूर तालुक्यातलं वरकुटे घ्या. तिथून पुणं शंभरावर किलोमीटर. वस्तीतल्या पोराच्या खिशात मोबाईल आहे, मोबाईलमध्ये कॅमेरा आहे. जयंतीची मिरवणूक तो शूट करतो, कापतो, जोडतो, गाणं टाकतो. म्हणजे यंत्र वस्तीत पोचलं. मग घोडं अडतं कुठं? अडतं ओळखीत. कुणाला फोन करायचा, कुणाच्या सेटवर उभं राहायचं, कागदावर काय लिहून न्यायचं, हे त्याला सांगणारं घरात कुणी नाही. बापानं ऊस तोडला असेल, फोन कुणाला करणार?

हा धंदा शेजारी उभं राहूनच शिकला जातो. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले, फत्तेलाल, शांताराम पडेल ते काम करत तयार झाले. 1929 साली बाहेर पडून त्यांनी प्रभात काढली, 1933 साली ती पुण्यात आणली. 1935 साली त्याच प्रभातनं 'धर्मात्मा' काढला, अस्पृश्यतेविरुद्ध बोलणाऱ्या एकनाथांवर. चांगलं केलं. पण पडद्यावर आमचं दुःख होतं आणि कॅमेऱ्यामागं आम्ही नव्हतो. 1960 साली प्रभातच्याच जागेत सरकारनं फिल्म इन्स्टिट्यूट काढली. शेजारी उभं राहण्याऐवजी आता परीक्षा आली. परीक्षेला बसायचं तर आधी पदवी पाहिजे.

पुढं परीक्षेच्याही वरचा दरवाजा निघाला. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' 2014 साली आला. त्यानंतर रोलेक्स कंपनीच्या गुरू-शिष्य योजनेत मेक्सिकोच्या आल्फोन्सो क्वारोननं त्याला निवडलं. 'रोमा'च्या सेटवर तो क्वारोनजवळ राहिला, आणि 2020 साली 'द डिसायपल' आला तेव्हा क्वारोन त्याचा कार्यकारी निर्माता होता. ताम्हाणेशी आमचं भांडण नाही. 'कोर्ट' आमच्या शाहिराच्या बाजूनं उभा राहिलेला सिनेमा आहे. त्यातला शाहीर नारायण कांबळे साकारला नागपूरच्या वीरा साथीदारांनी, चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसानं. 2021 साली कोरोनानं त्यांना नेलं. पण हिशेब बघा. चळवळीचा माणूस कॅमेऱ्यासमोर होता, शिडी मात्र कॅमेऱ्यामागं लागली.

ती शिडी आपल्यासाठी लागतच नाही, असं मात्र नाही. उजनीच्या पाण्यापलीकडं करमाळा तालुका, त्यातलं जेऊर. तिथला नागराज मंजुळे अहमदनगरला शिकताना 'पिस्तुल्या' करतो, पुढं 2013 साली 'फॅन्ड्री', 2016 साली 'सैराट'. गावातलीच पोरं तो पडद्यावर उभी करतो. नीरज घेवान आधी अनुराग कश्यपचा सहाय्यक होता. मग 'मसान' करून तो 2015 साली कानला पोचला, आणि दलित, बहुजन, आदिवासी सहाय्यक पाहिजेत असं त्यानं उघड सांगितलं. तिकडं तामिळनाडूत पा. रंजितनं स्वतःची निर्मितीसंस्था काढली आणि 2018 साली मारी सेल्वराजचा पहिला सिनेमा 'परियेरुम पेरुमाळ' तिनं निर्माण केला. वर गेलेल्यानं खाली शिडी टाकली. याला म्हणतात कार्यशाळा!

म्हणून कार्यशाळा भरवणाऱ्यांना आमचं रोखठोक सांगणं आहे. अर्ज मराठीत घ्या. इंग्रजीत चार ओळींचा सारांश जमला नाही म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही. फी घेऊ नका, आणि राहण्या-जेवण्याचं बघा. मुंबईत चार दिवस काढायचे तर पोराची महिन्याची मजुरी जाते. चार दिवसांनी टाटा करू नका, पुढच्या सेटवर पगारी सहाय्यक म्हणून घ्या आणि श्रेयनामावलीत नाव टाका. पोरींना वेगळं आवतण द्या, त्यांच्या घरच्यांशी बोला. आणि एखादी कार्यशाळा पुण्या-मुंबईबाहेर न्या की! वरकुट्याच्या समाजमंदिरातही पडदा टांगता येतो.

आता दोन शब्द आपल्याच पोरांना. गुरू म्हटलं की आपल्याला एकलव्याचा अंगठा आठवतो. आजचा अंगठा म्हणजे गोष्ट. आजीनं सांगितलेली, वस्तीनं भोगलेली गोष्ट तुम्ही भारावून साहेबांना सांगून बसता. उद्या ती दुसऱ्याच्या नावानं पडद्यावर दिसली तर पुरावा काय देणार? आधी कागदावर लिहा, मुंबईच्या पटकथाकार संघटनेत नोंदवा, मग तोंड उघडा. लाजू नका. आपल्या बापजाद्यांनी फुकट राबायचं ते राबून झालं.

आणि पाया पडू नका. बुद्धाच्या वाटेवर कल्याणमित्र असतो. तो बरोबर चालतो, चुकलं तर तोंडावर सांगतो, बदल्यात काही मागत नाही. नामवंतांमध्ये असा कुणी भेटला तर त्याच्याकडून सगळं शिकून घ्या : लेन्स, प्रकाश, बजेट, करार. करार सगळ्यात आधी.

हे शिकून जो पहिला उभा राहील, त्यानं लगेच दोघांना आपल्या शेजारी उभं करावं. एवढी एकच फी आपण मानतो.

जयभीम!