पंगत आधी कुणाची?

आमच्या लोककला केंद्राच्या शिबिरात मुलांमधलाच एक जेवणप्रमुख असतो. यंदा मे महिन्यात ते काम नववीतल्या एका मुलीकडे होतं. समारोपाचे पाहुणे साडेअकराला यायचे, ते आले दीडला. सोबत फ्लेक्स, फोटोवाला आणि न सांगितलेली आठ माणसं. भात मोजून पन्नास पानांचा. आम्ही समितीतली वयस्कर मंडळी तिला लांबून खुणावत होतो, आधी पाहुण्यांना बसव. ती सरळ पाहुण्यांपुढे गेली. म्हणाली, "काका, आधी लहान गटाची पंगत बसेल. तुम्ही आमच्यासोबत दुसऱ्या पंगतीला बसा."

पाहुणे हसले, पण थांबले नाहीत. फोटो झाले आणि गाड्या गेल्या. त्या दिवशी माइकवर जाहीर झालेली देणगी अजून आलेली नाही. फ्लेक्स तेवढा राहिलाय. पावसात सरपणावर घालायला बरा पडतो.

नंतरच्या बैठकीत एक सदस्य म्हणाले, मुलीला समज द्यायला हवी होती. मी म्हटलं, पाटीवर 'कला व नेतृत्व प्रशिक्षण' असं आपणच लिहिलंय. मग पोरीने वेगळं काय केलं?

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी या केंद्राचा हिशेब लिहितो. ढोलकीचा आणि नेतृत्वाचा काय संबंध, असं लोक मला अजून विचारतात. लोकनाट्यातली बतावणी करून बघा, म्हणजे कळेल. समोरच्याचं वाक्य हुकलं की ते आपण उचलायचं, तेही त्याची फजिती न होऊ देता, आणि समोर अख्खं गाव बसलेलं असताना. हे भाषण देऊन शिकवता येत नाही.

कलेतून नेतृत्व शिकवायची ही कल्पनाही आमची नव्हे. १९४१ साली पुण्यात राष्ट्र सेवा दल उभं राहिलं, एस. एम. जोशी त्याचे दलप्रमुख. शाखा आणि श्रमदानाच्या जोडीला कलापथक आलं. वसंत बापट त्यात रमले. पु. ल. देशपांड्यांचं 'पुढारी पाहिजे' हे लोकनाट्य याच कलापथकाने गावोगाव नेलं. निळू फुले आणि राम नगरकर याच मुशीतले. निळूभाऊ तेव्हा पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचे. पगार ८० रुपये, आणि त्यातले १० रुपये ते सेवा दलाला द्यायचे. आठवा हिस्सा! हिशेबनिसाच्या नजरेला असा देणगीदार फार मोठा दिसतो.

आता मोठ्या कंपन्यांना २०१३च्या कायद्याने सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्चावे लागतात, आणि त्या यादीत पारंपरिक कलाही आहेत. कायदा चांगलाच आहे. पण आमच्याकडे आलेल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच: नाव कुठे लागेल? खोलीवर लागेल, कपाटावर लागेल. ढोलकी शिकवणाऱ्या गुरुजींच्या मानधनावर कुणाचं नाव कसं लावणार? म्हणून आमच्याकडे कपाटं तीन आणि गुरुजी आठवड्यातून एकदा. एकाचं नाव तर कपाटाच्या दोन्ही दारांवर आहे. आत फारसं काही नाही.

खरे आधार वेगळेच आहेत. मंडपवाला स्पीकरचं भाडं घेत नाही. बचत गटाच्या बायका शिबिराच्या दहाही दिवशी घरटी दोन तांदळाच्या भाकऱ्या पाठवतात. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर दर महिन्याच्या पाच तारखेला २०० रुपये आणून देतात आणि सुटे पैसे परत मागावेत तशी पावती मागून घेतात. यांतल्या कुणाचा फोटो आमच्या अहवालात नाही. ती चूक आमची, आणि ती यंदा दुरुस्त करतो आहोत.

देणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या गावाजवळ असं एखादं केंद्र असेल तर तिथे जाऊन इमारतीबद्दल विचारू नका. गुरुजींचं या महिन्याचं मानधन गेलं का, ते विचारा. आमच्या ढोलकीची पुडी फाटली आहे, ती बदलायची आहे. पुढचं शिबिर दिवाळीच्या सुट्टीत भरेल. जेवणप्रमुख तीच मुलगी आहे, तेव्हा वेळेवर या.