चाक निखळले, आसनाचे काय?

६ मे २०२१ रोजी नागपूरहून हैदराबादला निघालेल्या एअर अॅम्ब्युलन्सचे चाक उड्डाण करतानाच निखळले. विमान मुंबईत पोटावर उतरवले गेले. रुग्णासह पाचही जण बचावले. कौतुक वैमानिकाचे झाले, ते रास्तच. पण चाकांविना आपटले की धक्का आसनाने शोषायचा असतो; नाहीतर पाठ-कमरेच्या जोडावरचा मणका चेपतो, पाय लुळे पडू शकतात.

अमेरिकेने १९८८ मध्ये छोट्या विमानांच्या आसनांवर पुतळा बसवून, गुरुत्वाच्या १५ ते १९ पट धक्का देऊन कण्यावरचा दाब मोजणे सक्तीचे केले, मात्र नव्या रचनांपुरतेच. त्या दिवशीचे सी-९० हे मॉडेल सत्तरच्या दशकातले! नातेवाईक ऑक्सिजन, व्हेंटिलेटर विचारतात. खांद्याचा पट्टा कोण विचारतो? रुग्णविमानांत तरी डीजीसीएने जुन्या आसनांना सूट देऊ नये.