रानकेळीचे बी पोटात नव्हे, मातीत जावे

पावसाळ्यात सह्याद्रीच्या कड्यांवर, जिथे मातीचा जेमतेम थर असतो तिथे, बुंध्याशी फुगीर असलेली केळीसारखी झाडे दिसतात. हीच रानकेळ. काही भागांत तिला कवदर म्हणतात. शास्त्रीय नाव एन्सेट सुपर्बम. तिच्या बियांची पूड मुतखड्यावर रामबाण म्हणून सांगितली जाते.

हा रामबाण तपासून पाहायला हवा. पाच मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे काही दिवसांत किंवा आठवड्यांत लघवीवाटे आपोआप पडतात. त्या काळात रुग्ण पूड घेत असेल, तर श्रेय पुडीला मिळते. या पुडीने खडा विरघळतो, हे माणसांवरील पुरेशा चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही. कळ थांबली म्हणजे खडा पडला, असेही नसते. अडकलेला खडा मूत्रपिंड गुपचूप निकामी करू शकतो. म्हणून सोनोग्राफी करून खड्याचा आकार आणि जागा पाहावी. कुशीत कळ येऊन सोबत थंडी-ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

नुकसान झाडाचेही होते. बागेतल्या केळीला बुडाशी मुनवे फुटतात, त्यावर तिचा वंश चालतो. रानकेळीला ते सहसा फुटत नाहीत. काही वर्षे वाढून ती एकदाच फळते आणि मरते. पुढची पिढी फक्त बियांतून येते. पुडीसाठी सगळा घड उतरवला की ती पिढीच संपते. हौसेने बागेत लावायला गड्डा खणून आणणारेही तेच करतात.

रानकेळ हवी असेल, तर बियांपासून तयार केलेले रोप घ्यावे. बी टणक, काळपट असते. ते निचऱ्याच्या मातीत पेरावे आणि धीर धरावा, कारण उगवण सावकाश होते. कोरड्या दिवसांत पाने वाळून झाड आडवे झाले, तरी उपटू नये. गड्डा जमिनीत जिवंत असतो. तेव्हा पाणी घातले, तर मात्र तो कुजण्याची भीती असते.

या बियांत औषधी गुण असतील, तर ते जरूर शोधावेत. पण लागवडीच्या बियांवर आणि रीतसर चाचण्यांतून. तोवर कड्यावरचा घड कड्यावरच पिकू द्यावा.