रोजगार-विचार : नोकऱ्या नाहीत, अन् माणसेही मिळत नाहीत!



देशाच्या रोजगाराच्या बाजारात सध्या दोन तक्रारी एकाच वेळी ऐकू येतात. तरुण म्हणतात, नोकऱ्या नाहीत. कारखानदार म्हणतात, कामाची माणसे मिळत नाहीत. वरवर पाहता यातले एक कोणीतरी खोटे बोलत असले पाहिजे. परंतु आकडे सांगतात की दोघेही बरेचसे खरे बोलत आहेत. २०२४ साली लार्सन अँड टुब्रो या बांधकाम क्षेत्रातील मोठ्या कंपनीने पंचवीस ते तीस हजार कामगार कमी पडत असल्याचे सांगितले. त्याच सुमारास संपलेल्या २०२३-२४ या आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तीन संगणक कंपन्यांतील नोकरवर्ग मिळून सुमारे ६४ हजारांनी घटला. म्हणजे ज्या दारासमोर सगळ्यांनी रांग लावली ते दार अरुंद झाले, आणि ज्या दाराकडे कोणी पाहत नव्हते तिथे माणसांची हाक सुरू आहे.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४च्या भारतविषयक अहवालातील एक गोष्ट तर प्रत्येक आईबापाने वाचावी अशी आहे. २०२२ साली पदवीधर तरुणांतील बेकारी २९.१ टक्के होती आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा तरुणांतील बेकारी होती ३.४ टक्के! यावरून कोणी शिक्षण वाईट असा अर्थ काढील तर तो बाबासाहेबांचा वैरी समजावा. निरक्षराला रिकामे बसणे परवडत नाही, तो मिळेल त्या मजुरीला जातो, हा त्या आकड्याचा अर्थ आहे. पण दुसराही अर्थ आहे. आपण मुलांना पदवी दिली, हाताला विद्या दिली नाही. केंद्र सरकारच्या २०२३-२४च्या आर्थिक पाहणीनुसार १५ ते २९ वयोगटातील फक्त ४.४ टक्के तरुणांना रीतसर व्यवसाय प्रशिक्षण मिळालेले आहे. आणखी १६.६ टक्के कुणाच्या तरी हाताखाली बघून-बघून शिकले. बाकीच्यांकडे आहे ती फक्त गुणपत्रिका.

कौंडण्यपूरहून एका भगिनीचे पत्र आले आहे. वर्धा नदीकाठचे हे गाव, तालुका तिवसा, अमरावतीपासून चाळीसेक किलोमीटर. ताई लिहितात : "भाऊ, पोरगा बी. ए. झाला. तीन वर्षांपासून पोलीस भरतीसाठी पळून राह्यला. पोरगी दहावी झाली, ती म्हणते मी आयटीआयत वीजतंत्री होतो. घरचे म्हणतात पोरीच्या जातीले वायरचं काम कशाले, शिवणक्लास लावून दे. पैसा एकाचाच आहे. कोणावर लावू?"

हा प्रश्न एका कौंडण्यपूरचा नाही. पराटीच्या दोन वेच्यांवर वर्ष काढणाऱ्या आपल्या हजारो घरांत तो दर जून महिन्यात उभा राहतो. म्हणून त्याचे उत्तर जरा सविस्तर पाहू.

आधी मुलाचे. २०२४च्या महाराष्ट्र पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी १७ लाख ७६ हजार अर्ज आले. एका जागेमागे शंभरावर उमेदवार. २०२३च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा आणि अर्ज दहा लाखांहून जास्त. मुलाने धावणे सोडावे असे आम्ही म्हणणार नाही. सरकारी नोकरी हा आपला घटनादत्त हक्क आहे आणि राखीव जागा आपण भरल्या नाहीत तर त्या रिकाम्या ठेवायला टपून बसलेले लोक आहेत. पण फक्त धावणे हा धंदा होऊ शकत नाही. पहाटे मैदान आणि दिवसा एखादे कौशल्य, असे दोन पाय असले पाहिजेत. वयाची मर्यादा ओलांडली त्या दिवशी मुलगा एका पायावर उभा राहू नये.

कामाची माणसे का मिळत नाहीत, याचे उत्तर बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात देऊन ठेवले आहे. जात ही नुसती श्रमाची विभागणी नव्हे, ती श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांचे म्हणणे आपल्याला पाठ असते. त्याच्या पुढचा मुद्दा मात्र आपण विसरतो. उद्योगधंदे बदलत असतात, जुने बुडतात, नवे निघतात. माणसाला धंदा बदलण्याची मोकळीक असेल तर तो नव्या धंद्यात जातो. जात ही मोकळीक देत नाही, म्हणून जात हे बेकारीचे थेट कारण बनते, असे त्यांनी मांडले. आज ज्याला 'कौशल्याची टंचाई' म्हणतात तिची अर्धी मुळे इथे आहेत. हाताने करायचे काम हलके मानायचे, ते करणाऱ्याला शिकू द्यायचे नाही, आणि मग कारागीर नाहीत म्हणून रडायचे!

मुंबईच्या गिरण्या आठवा. आपल्या लोकांना साचेखात्यात, म्हणजे विणकामात, शिरू दिले जात नसे. धोट्यातली कांडी संपली की नवा धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याचा तोंड लागलेला धागा इतरांना चालत नसे. साचेखात्यात पगार चांगला, म्हणून हा विटाळ फक्त भावनेचा नव्हता, तो खिशाचा होता. १९२८-२९च्या गिरणी संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला. १९३८च्या फेब्रुवारीत मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेतही त्यांनी हेच दाखवून दिले की अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, वरच्या कामाचे दार त्याला बंद असते.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. युद्धकाळातील तंत्रप्रशिक्षणाची योजना त्यांच्याच खात्याकडे होती, आणि १९४५ साली सेवायोजन कार्यालयांची सुरुवातही त्याच खात्याच्या कारकिर्दीत झाली. ऑक्टोबर १९४२ मध्ये सरकारला दिलेल्या निवेदनात त्यांनी आपल्या मुलांसाठी विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. नुसत्या कला व कायद्याच्या शिक्षणाने अस्पृश्यांचे फारसे भले होणार नाही, असे स्वतः बॅरिस्टर असलेल्या माणसाने त्यात लिहिले. ऐंशी वर्षे उलटून गेली. आपण किती ऐकले?

आता आपल्या वऱ्हाडाकडे या. नांदगाव पेठला वस्त्रोद्योगाचे कारखाने आधीच आहेत. तिथल्या नव्या सुमारे हजार एकरांच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमातून झाली. ज्या साचेखात्याने आपल्या आज्याला दारात उभे केले नाही ते साचेखाते आता आपल्या जिल्ह्यात येत आहे, आणि आताच्या मागाला तोंडाने धागा ओढावा लागत नाही. प्रश्न एवढाच की तिथे आपला मुलगा माग चालवणार की गाठी उचलणार? पार्क उभे राहीपर्यंत थांबलो तर गाठीच उचलाव्या लागतील. जोडारी, वीजतंत्री, यंत्र दुरुस्ती करणारा, वेगाच्या विजेच्या यंत्रावर शिवणारी कामगार, हे सगळे आधी तयार व्हावे लागतात. आणि कारखाना आला म्हणजे पिढ्यांची सोय झाली असेही समजू नका. अचलपूरच्या फिनले मिलची चाके २०२०च्या टाळेबंदीत थांबली तेव्हा किती घरांची चूल अडचणीत आली हे त्या भागातल्या वाचकांना सांगायला नको. कारखाना बंद पडतो, हातातली विद्या बंद पडत नाही.

म्हणून ताई, मुलीचे ऐका. वीजतंत्रीचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. शासकीय आयटीआयत मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाट खुली असते. २०२३च्या अखेरीस महावितरणने विद्युत सहायकांच्या ५,३४७ जागा काढल्या, त्यांना वीजतंत्री किंवा तारतंत्रीचे प्रमाणपत्र लागत होते. बी. ए. झालेल्या मुलाला तिथे अर्जही करता आला नसता! वावरावावरांत सौर पंप बसत आहेत, घरांच्या छतांवर सौर पत्रे चढत आहेत. ते बसवणारा आणि बिघडल्यावर धावून येणारा माणूस गावात लागणारच. तो माणूस मुलगी का असू नये? शिवणकाम वाईट नाही, पण मुलगी आहे म्हणून शिवणकाम, हीसुद्धा एक प्रकारची जातच झाली.

सरकारी योजनांकडे मात्र डोळे उघडे ठेवून पाहावे. सप्टेंबर २०२३ मध्ये निघालेल्या विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक धंद्यांना अवजारे, प्रशिक्षण आणि कमी व्याजाचे कर्ज मिळते. ज्याचे पोट त्या धंद्यावर आहे त्याने लाभ जरूर घ्यावा. पण बापाचा धंदा मुलाने करावा हा संदेश आपल्याला मान्य नाही. १९५८च्या कायद्याने वतने गेली, ती पुन्हा अवजारांच्या पेटीतून घरात येऊ देऊ नका. दुसरे, २०२४ साली राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तेव्हा बारावीला सहा, आयटीआय व पदविकेला आठ आणि पदवीधराला दहा हजार रुपये महिना, सहा महिन्यांसाठी ठरला. अशा योजनेत जाताना विद्यावेतन किती यापेक्षा शिकायला काय मिळते हे पाहावे. टेबलावरच्या फायली इकडून तिकडे नेऊन सहा महिन्यांनी मुलगा पुन्हा कट्ट्यावर येतो.

आणि कंत्राटीकरण विसरून चालणार नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने बाह्य संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला आणि विरोध झाल्यावर ऑक्टोबरात तो मागे घेतला. कंत्राटात आरक्षण विरघळते. आपण जागे होतो म्हणून तो निर्णय मागे गेला, झोपलो असतो तर गेला नसता.

कौशल्य आले म्हणजे भेदभाव संपला असेही नाही. आपल्या अमरावती जिल्ह्याचे सुपुत्र डॉ. सुखदेव थोरात यांनी पॉल अ‍ॅटवेल यांच्यासोबत केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावांचा. उच्चवर्णीय नावाला बोलावणे येण्याची जेवढी शक्यता, तिच्या साधारण दोन-तृतीयांश एवढीच शक्यता दलित नावाला होती. टंचाई, टंचाई म्हणून ओरडणाऱ्यांनी आधी स्वतःच्या टोपलीत टाकलेले अर्ज मोजावेत! म्हणूनच खाजगी क्षेत्रातील आरक्षणाची मागणी आपण सोडता कामा नये, आणि तोवर हातात असे प्रमाणपत्र असावे की ते टोपलीत टाकणाऱ्याचेच नुकसान होईल.

घरोघरी करण्यासारख्या चार गोष्टी सांगतो.

पहिली : दहावीच्या निकालाआधीच जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि आधार जोडलेले बँक खाते तयार ठेवा. अनेक मुलांचे प्रवेश कागदासाठी जातात.

दुसरी : आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारी सोडू नका. १९६१च्या कायद्याने आणि २०१९च्या नियमांनी तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, आणि त्या कायद्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागांची तरतूद आहे. ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही.

तिसरी : वसतिगृहात जागा मिळाली नाही तर समाजकल्याण कार्यालयात स्वाधार योजनेचे नियम विचारा. पुण्याच्या बार्टी संस्थेच्या प्रशिक्षणांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

चौथी : विहारात महिन्यातून एक रविवार रोजगारासाठी द्या. गावातला जो जोडारी, परिचारिका, चालक, अभियंता झाला असेल त्याला बोलवा आणि मुलांना प्रश्न विचारू द्या.

विहारात हे शोभेल का, असे कोणी विचारील. महामंगल सुत्त आपण दर मंगल प्रसंगी म्हणतो. त्यात बहुश्रुत असण्याच्या जोडीला 'सिप्प' म्हणजे हस्तकौशल्य हेही तथागतांनी उत्तम मंगल म्हणून सांगितले आहे. दीघजाणू नावाच्या गृहस्थाला उपदेश करताना संसारी माणसाच्या सुखासाठी त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती उट्ठानसंपदा, म्हणजे आपल्या कामात कुशल आणि उद्योगी असणे. ज्या धम्मात कौशल्याला मंगल म्हटले, त्या धम्माच्या घरात 'हाताचे काम हलके' हा शब्द उच्चारला जाऊ नये.

येत्या जूनमध्ये आपल्या घरातून एक तरी मूल, मुलगी असेल तर आधी मुलगी, हाताची विद्या शिकायला निघाले पाहिजे.

जयभीम!