अकरा अंशांवर अडकलेलं हवामान



या सदरात आपण बहुतेक वेळा मोबाइलबद्दल बोलतो. आजचा विषय मात्र जुना आहे, अगदी शब्दशः. लोधीखेड्याला आमच्या घरी समोरच्या खोलीत २०१० साली घेतलेला डेस्कटॉप आहे. त्यावर विंडोज ७ आहे. बाबा त्यावर दोनच कामं करतात: मजुरीचा हिशेब लिहिणं आणि हवामान पाहणं.

हवामानाची सोय मीच करून दिलेली. पायथनमध्ये लिहिलेली चाळीस-पन्नास ओळींची छोटी स्क्रिप्ट. दर तासाला तिने इंटरनेटवरून अंदाज आणायचा, एका फाइलीत लिहायचा, आणि तो पडद्याच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत दाखवायचा. बाबांना चष्मा न शोधता दिसावं, एवढाच हेतू. पाच वर्षं ती बिनतक्रार चालली.

या जानेवारीत तूर सोंगून झाली होती. शेतात गंजी लावलेली, थ्रेशरवाला दोन दिवसांनी येणार होता. बाबांचा इंदूरला मला फोन आला. म्हणाले, "काऊन रे, थंडी तं कमी झाली, ढग आल्यासारखे वाटतात. पण तुह्यं यंत्र अकरा अंश अन् निरभ्रच दाखवून राहिलं."

मी ऑफिसात होतो. म्हणालो, "बाबा, ते उपग्रहावरून येतं. बरोबरच असेल."

त्या रात्री पाऊस आला. गंजीवर ताडपत्री नव्हती.

आठवड्याने मी घरी गेलो तेव्हा तूर अंगणात पसरलेली होती. बाबा काही बोलले नाहीत, म्हणून मीच बोलायला लागलो: कॉम्प्युटर फार जुना झालाय, विंडोज ७ ला कंपनीने १४ जानेवारी २०२० पासून सुरक्षा अपडेट देणं बंद केलंय, आता नवीनच घेऊ. बाबा म्हणाले, "घेऊ ना. पण आधी पाह्य तं खरं, झालं काय त्याले."

पाहिलं. ज्यांच्या घरी असंच काही जुनं चालू आहे त्यांच्यासाठी क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, स्क्रिप्ट हाताने चालवून पाहायची. आपोआप चालणारी कामं पडद्यामागे चालतात आणि त्यांची चूकही पडद्यामागेच राहते. काळ्या खिडकीत स्क्रिप्ट चालवली आणि लगेच उत्तर मिळालं: प्रमाणपत्र तपासता आलं नाही.

आता हे प्रमाणपत्र काय? आपण एखाद्या संकेतस्थळाशी जोडतो तेव्हा ते आपलं ओळखपत्र दाखवतं. त्यावर रेल्वेच्या पासासारख्या दोन तारखा असतात, कधीपासून आणि कधीपर्यंत. आपला कॉम्प्युटर त्या स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहतो. जुन्या यंत्रावर असा संदेश आला की दोन संशय घ्यावेत. एक, यंत्राकडची विश्वासू संस्थांची यादीच जुनी आहे. ३० सप्टेंबर २०२१ ला अशाच एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरातली कितीतरी जुनी उपकरणं अडखळली. दुसरा संशय साधा आहे, म्हणून शेवटी सुचतो: घड्याळ.

मी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात पाहिलं. तारीख होती १ जानेवारी २००९. आजचं प्रमाणपत्र त्या कॉम्प्युटरच्या हिशेबाने अजून जन्मलेलंच नव्हतं.

मग उलगडा झाला. विजेचा दाब वर-खाली होतो म्हणून बाबा रात्री बोर्डाचं बटण बंद करतात. वीज नसताना तारीख-वेळ जपायला मदरबोर्डवर एक गोल सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. तो संपला की बटण बंद होताच यंत्र तारीख विसरतं. विंडोज इंटरनेटवरून वेळ जुळवून घेतं हे खरं, पण घरच्या कॉम्प्युटरवर फरक पंधरा तासांहून जास्त असेल तर ते स्वतःहून दुरुस्ती करत नाही. इथे फरक सोळा-सतरा वर्षांचा होता.

सेल घड्याळाच्या दुकानात मिळाला. बदलताना वायर भिंतीतून काढावी, सुरू करायचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यावी, आणि जुन्या सेलची कोणती बाजू वर होती ते पाहून ठेवावं. मग तारीख भरली, स्क्रिप्ट चालवली. चाळीस सेकंदांत ताजा अंदाज आला.

एवढ्याने भागलं नाही तर पुढे काय पाहायचं तेही सांगतो. माहिती देणारी सेवाच बंद झाली आहे का? याहूची जुनी मोफत हवामान सेवा जानेवारी २०१९ मध्ये संपली, डार्क स्कायची ३१ मार्च २०२३ ला. ओपन-मेटिओसारखी सेवा घरगुती वापराला नोंदणीशिवाय चालते. पायथनची नवी आवृत्ती टाकायला जाऊ नका, विंडोज ७ वर ३.८ ही शेवटची. आणि गावाच्या नावाऐवजी अक्षांश-रेखांश द्या. लोधीखेड्यासाठी साधारण २१.६ आणि ७८.९. नावाने शोधलं तर स्पेलिंगचा घोळ होतो. जिल्हा विचारला आणि पांढुर्णा सापडला नाही तर छिंदवाडा पाहा, कारण आपला जिल्हा २०२३ मध्येच वेगळा झाला आणि सगळ्या याद्या अजून सुधारलेल्या नसतात.

हे सगळं झालं. पण तूर भिजली ती सेलमुळे नाही. ती भिजली माझ्या एका ओळीमुळे. पाच वर्षांपूर्वी मी लिहिलं होतं की नवीन माहिती मिळाली नाही तर शेवटची मिळालेली दाखव. कोपरा रिकामा दिसू नये म्हणून. त्यामुळे सेल गेल्यावर पाच दिवस तोच अकरा अंश, तेच निरभ्र आकाश दिसत राहिलं, अगदी ताजं असल्यासारखं. बंद पडलेलं घड्याळ निदान काटे हलत नाहीत हे तरी दाखवतं. माझ्या स्क्रिप्टने तेही दाखवलं नाही.

आता बदल केला आहे. अंदाजाखाली तो कधी आणला ती तारीख आणि वेळ येते. तीन तासांहून जुना असेल तर आकडा दिसतच नाही. आणि कॉम्प्युटरची आजची तारीख फाइलीतल्या तारखेच्या मागे असेल, तर "घड्याळ चुकलं आहे" असं येतं. ही शेवटची तपासणी विसरू नका. घड्याळच मागे गेलं तर माहिती जुनी झाल्याचं यंत्राला कळणार कसं?

त्या कॉम्प्युटरवर बँकेचं काम कुणी करायचं नाही, हेही ठरवलं. बाबांच्या मोबाइलवर हवामान खात्याचं मेघदूत टाकून दिलं, त्यात मंगळवारी आणि शुक्रवारी शेतीचा सल्ला येतो. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी टाकलं.

निघायच्या दिवशी मी बाबांना विचारलं, "ढग दिसत होते ना तुम्हाला? मग ताडपत्री का नाही टाकली?"

ते तूर हलवत होते. म्हणाले, "आभाळ तं दिसून राहिलं होतं. पण तू म्हणला ना, बरोबर आहे म्हणून."

तूर वाळली. डागी म्हणून कमी भावात गेली. किती कमी, ते त्यांनी सांगितलं नाही.

मंडळी, पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा घरच्या जुन्या कॉम्प्युटरची तारीख तेवढी पाहा. आणि फोनवर कुणी घरचं म्हणालं की ढग आल्यासारखे वाटतात, तर आधी त्यांना म्हणा, "ताडपत्री टाका." यंत्राचं नंतर पाहू.