दासगावचे बंदर

मुंबई-गोवा महामार्गाने महाडकडे जाणारा प्रवासी दासगाव ओलांडतो. पाहत मात्र नाही. रस्त्याकडेची दुकाने, एस. टी. चा थांबा, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला पसरलेली सावित्रीची खाडी, एवढ्यात गाव संपते. रायगड किल्ला, गांधारपाल्याची लेणी, महाडचे चवदार तळे, सवचे गरम पाण्याचे झरे ही सारी स्थळे दासगावच्या आसपास असून, पर्यटनाच्या पत्रकांत दासगावचे नाव क्वचितच आढळते. गावात पाहण्याजोगे आहे तरी काय, असा प्रश्न त्यामुळे सहज विचारला जातो.

रस्ता नव्हता तेव्हा हा प्रश्न कोणी विचारला नसता. खाडीमार्गे महाडच्या बाजारपेठेकडे जाणारा माल आणि माणसे भरतीच्या पाण्यावर येथवर येत. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतील जेम्स फोर्ब्ज हा इंग्रज अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या परिसरातील ऊन पाण्याच्या झऱ्यांसाठी येऊन राहिला होता, व आपल्या आठवणींच्या ग्रंथात त्याने त्याचे वर्णनही केले आहे. थोडक्यात, पाहुण्यांचे दासगावला नावीन्य नव्हते.

परंतु दासगावच्या बंदराने पाहिलेले सर्वांत मोठे आगमन २५ डिसेंबर १९२७ चे. महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी मुंबईहून निघालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी त्या दिवशी बोटीने येथे उतरले. स्वागतासाठी मोठा समुदाय जमला होता, आणि तेथून सुमारे पाच मैलांची वाट पायी तुडवून मिरवणूक महाडला पोहोचली. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. चवदार तळ्याचे पाणी सर्वांना खुले असल्याचा मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय १९३७ साली लागला. १९२७ च्या मार्चमध्ये भरलेल्या पहिल्या परिषदेच्या उभारणीत ज्यांनी अपार कष्ट उपसले, ते रामचंद्र बाबाजी मोरे याच पंचक्रोशीतले. सामाजिक समतेच्या इतिहासातील एका महत्त्वाच्या प्रकरणाची वाट या धक्क्यावरून गेली, हे महाराष्ट्रातील किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल? पाठ्यपुस्तकात तळे आहे, वाट नाही.

या सत्याग्रहाची शताब्दी २०२७ सालची. अशा प्रसंगी कमानी उभ्या राहतात, भाषणे होतात, मोटारींचे ताफे महाडपर्यंत येतात आणि परत फिरतात. दासगावच्या वाट्याला त्यातून धूळच यावी, अशी स्थिती आहे. उतरण्याच्या जागेची नीट निगा, एक माहितीफलक आणि त्या पाच मैलांच्या वाटेवर शाळकरी मुलांना चालता येईल अशी सुरक्षित पायवाट, इतकी ही मागणी माफक आहे. चौपदरी रस्त्याच्या कडेने आज मुलांना चालवत नेणे हे शिक्षकाला धाडसच वाटेल.

मात्र स्मारकाने गाव जगत नाही. येथील शेती म्हणजे प्रामुख्याने पावसाळी भात. उन्हाळ्यात राब भाजावा, आषाढात लावणी उरकावी, भात झोडून झाल्यावर ओलीवर वाल-पावट्याचे थोडे पीक घ्यावे, हा क्रम. खाडीलगतची खाचरे तर बांध धड असेल तोवरच आपली. बांध फुटला की खारे पाणी शिरते आणि जमीन अनेक हंगाम कुचकामी होते. म्हणून कोकणातील घराघरांतून तरुण मुंबईच्या गिरण्यांत गेले, व १९८२ च्या संपानंतर गिरण्या संपल्या तेव्हा त्यांतले कित्येक रिकाम्या हातांनी परतले. गणपती-शिमग्याला उघडणाऱ्या कुलूपबंद घरांचे चित्र पाहुण्याला रम्य वाटते. ज्या आजीकडे किल्ली असते, तिला ते रम्य वाटत नसावे.

आणि डोंगर? २००५ च्या जुलै महिन्यात दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन या गावांवर दरडी कोसळल्या. महाड-पोलादपूर परिसरात दीडशेहून अधिक माणसे गेली. उद्ध्वस्तांच्या पुनर्वसनाचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. सोळा वर्षांनी, २०२१ च्या जुलैमध्ये, याच तालुक्यातील तळिये गाव मातीखाली गेले आणि महाड शहर पुराच्या पाण्यात बुडाले. दोन्ही वेळा जबाबदार कोण, याची चर्चा पाऊस थांबेपर्यंत टिकली.

पुराच्या कारणांत एक कारण दासगावच्या दाराशी आहे. खाडीत साचत गेलेला गाळ आणि पात्रातून गेलेला कोकण रेल्वेचा भराव यांमुळे सावित्रीचे पाणी तुंबते, असे महाडकर अनेक वर्षे सांगत आले आहेत. रेल्वेचा उपयोग कोणी नाकारत नाही. तथापि ज्या खाडीतून बोटी येत होत्या, तिच्यातून पुराचे पाणी समुद्राकडे सुखाने जाऊ नये, ही गोष्ट केवळ निसर्गाच्या माथी मारून चालणार नाही. भरावाला अधिक मोऱ्या द्याव्यात की गाळ दरसाल उपसावा, हे अभियंत्यांनी ठरवावे. पण ठरवावे, आणि निर्णय व त्यामागचे आकडे गावाच्या ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावेत. शताब्दीच्या निधीतून पहिला खर्च याच कामावर झाला, तर बंदराची जागाही आपोआप मोकळी होईल. तेथे मग एखादी होडी लागू शकेल, आणि पर्यटकाने विचारलेल्या प्रश्नाला दासगावकर बोट दाखवून उत्तर देतील.