एकतर्फी हुकूमनामा

न्यायालयात दावा दाखल झाला, प्रतिवादीवर समन्स बजावलेच गेले नाही आणि केवळ वादीची जबानी ऐकून निकाल दिला गेला, तर त्या निकालास आम्ही वकील लोक एकतर्फी हुकूमनामा म्हणतो. असा हुकूमनामा रद्द करून घेण्याची सोय कायद्यानेच ठेवलेली आहे. कारण दुसऱ्या पक्षाचे ऐकल्यावाचून न्याय होत नाही, हे तत्त्व कायद्याच्या मुळाशी आहे. परंतु न्यायालयाबाहेर आणखी एक न्यायासन दररोज सकाळी भरत असते. ते म्हणजे वृत्तपत्र. तेथे समन्स नाही, उलटतपासणी नाही, अपीलही नाही; आणि निकाल मात्र त्याच दिवशी लाखो घरांत पोचतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीय जनतेच्या जहाल चळवळीविरुद्ध तेथील वृत्तपत्रांनी असे हुकूमनामे कसे दिले आणि ते फिरविण्यास किती वर्षे लागली, हा इतिहास आपल्या वाचकांनी नीट समजून घ्यावा, म्हणून हा लेख.

ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्निया राज्यातील ओकलंड शहरी ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोन तरुणांनी ब्लॅक पँथर पक्ष स्थापन केला. पक्षाने दहा कलमांचा कार्यक्रम जाहीर केला. सर्वांना रोजगार मिळावा, माणसाने राहावे अशी घरे मिळावीत, आपला खरा इतिहास शिकविणारे शिक्षण मिळावे, पोलिसांचे अत्याचार थांबावेत, अशा त्यातील मागण्या होत्या. एक मागणी तर आमच्या व्यवसायाच्या जिव्हाळ्याची होती. कृष्णवर्णीय आरोपीचा न्याय त्याच्याच समाजातील ज्यूरीने करावा, असे तीत म्हटले होते आणि त्यासाठी अमेरिकन राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीचा आधार घेतला होता. काही मागण्या टोकाच्या होत्या. सर्व कृष्णवर्णीय कैद्यांना मुक्त करा, ही मागणी पुष्कळांना मान्य होणार नाही. परंतु मागणीवर वाद घालावयाचा तर ती प्रथम लोकांपुढे आली पाहिजे.

लोकांपुढे आले ते दुसरेच. उघडपणे बंदूक बाळगण्यास कॅलिफोर्नियाच्या कायद्याने त्या वेळी मुभा होती. त्या मुभेचा आधार घेऊन पँथर तरुण पोलिसांच्या गस्तीमागून जात, अंतर राखून उभे राहत आणि अडविलेल्या माणसाला त्याचे कायदेशीर हक्क वाचून दाखवीत. त्यांच्याजवळ बंदूक असे, तसे कायद्याचे पुस्तकही असे. हा प्रकार बंद पाडण्यासाठी विधिमंडळात विधेयक आले. तेव्हा २ मे १९६७ रोजी पक्षाचे सुमारे तीस लोक सॅक्रामेंटो येथील विधानभवनात बंदुका घेऊन गेले आणि बॉबी सीलने पक्षाचे निवेदन वाचून दाखविले. त्या दिवशीची छायाचित्रे देशभर गेली. काळे जाकीट, काळी टोपी आणि बंदूक ही पक्षाची ओळख ठरली. निवेदन कशाबद्दल होते, हे त्या छायाचित्रांतून कळणे शक्य नव्हते. विधेयक मात्र त्याच वर्षी संमत झाले आणि गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्यावर सही केली.

येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. बंदुका घेऊन विधानभवनात जाणारा माणूस बातमी होणारच, आणि पँथर पुढाऱ्यांनाही ते ठाऊक होते. तेव्हा बंदुकीचे छायाचित्र का छापले, हा आमचा प्रश्न नाही. त्यानंतर दुसरे काही तितक्याच ठळकपणे का छापले गेले नाही, हा आमचा प्रश्न आहे. जानेवारी १९६९ मध्ये याच पक्षाने ओकलंडमधील सेंट ऑगस्टिन चर्चमध्ये शाळकरी मुलांना सकाळची मोफत न्याहारी देण्यास आरंभ केला आणि थोड्याच महिन्यांत हा उपक्रम अनेक शहरांत पसरला. पुढे पक्षाने मोफत दवाखाने चालविले आणि सिकल सेल या रक्तरोगाची तपासणी वस्त्यावस्त्यांतून केली. ज्या देशाची वृत्तपत्रे या पक्षाच्या बंदुका मोजत होती, त्याच देशाच्या गुप्त पोलीस खात्याला या न्याहारीचे महत्त्व फार लवकर कळले होते. एफ. बी. आय. या मध्यवर्ती तपास खात्याचे प्रमुख एडगर हूवर यांनी मे १९६९ मध्ये आपल्या कचेऱ्यांना कळविले की, न्याहारीचा कार्यक्रम हेच या पक्षाचे सर्वांत प्रभावी काम आहे आणि म्हणूनच तो पक्ष मोडून काढण्याच्या मार्गातील मोठा अडथळा ठरू शकतो. जाहीरपणे मात्र त्याच वर्षी हूवर यांनी सांगितले की, हा पक्ष देशाच्या अंतर्गत सुरक्षिततेस सर्वांत मोठा धोका आहे. जनतेला भय दाखविण्यात आले ते बंदुकीचे. सरकारला स्वतःला भय होते ते मुलांच्या ताटाचे.

वृत्तपत्रे इतकी एकांगी का झाली? याचे उत्तर अमेरिकन सरकारनेच नेमलेल्या एका आयोगाने दिले आहे. १९६७ च्या उन्हाळ्यातील दंगलींनंतर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नेमलेल्या कर्नर आयोगाचा अहवाल १९६८ साली प्रसिद्ध झाला. त्यात वृत्तपत्रांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. देशातील संपादकीय कामावरील माणसांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण शेकडा पाचांहूनही कमी आहे, आणि वृत्तपत्रे गोऱ्या माणसाच्या नजरेतूनच जग पाहतात व लिहितात, असा ठपका आयोगाने ठेवला. ज्या कचेरीत वस्तीतील एकही माणूस नाही, त्या कचेरीला वस्तीची बातमी कोण देणार? पोलीस ठाणे देणार. बातमीदार आळशी असेल किंवा प्रामाणिक असेल, रात्री उशिरा दूरध्वनी करण्यास त्याच्याजवळ क्रमांक असतो तो ठाण्याचाच.

परंतु गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. एफ. बी. आय. ने ‘कोइंटेलप्रो’ नावाची एक गुप्त मोहीम १९५६ पासून चालविली होती. ऑगस्ट १९६७ मध्ये ती कृष्णवर्णीयांच्या संघटनांविरुद्ध वळविण्यात आली. या संघटनांत फूट पाडणे, त्यांची बदनामी करणे आणि त्यांच्या पुढाऱ्यांना समाजात प्रतिष्ठा मिळू न देणे, हे तिचे लेखी उद्देश होते. स्नेहसंबंध असलेल्या पत्रकारांना नाव गुप्त ठेवून मजकूर पुरविणे हे त्यासाठी वापरलेले एक साधन होते. ८ मार्च १९७१ च्या रात्री काही नागरिकांनी पेनसिल्व्हेनियातील मीडिया या गावच्या एफ. बी. आय. कचेरीतून कागदपत्रे पळविली आणि वृत्तपत्रांकडे पाठविली, तेव्हा हे बिंग फुटू लागले. सरकारचा विरोध असतानाही वॉशिंग्टन पोस्टने ती छापली, हे त्या पत्राच्या बाजूने नमूद केले पाहिजे. पुढे सिनेटच्या चर्च समितीने १९७५-७६ मध्ये रीतसर चौकशी केली. कृष्णवर्णीय संघटनांविरुद्ध मंजूर झालेल्या २९५ कारवायांपैकी २३३ एकट्या पँथर पक्षाविरुद्ध होत्या, असे तिला आढळले.

या सर्वांचा परिणाम काय झाला, ते एका प्रकरणावरून स्पष्ट होईल. फ्रेड हॅम्प्टन हा इलिनॉय राज्यातील पँथर शाखेचा अध्यक्ष. वय वर्षे २१. शिकागोतील पोर्तो रिकन तरुणांना आणि दक्षिणेकडून पोटासाठी आलेल्या गरीब गोऱ्यांनाही त्याने एका आघाडीत आणले होते. ४ डिसेंबर १९६९ रोजी पहाटे पावणेपाचच्या सुमारास सरकारी वकील एडवर्ड हॅनरहॅन यांच्या हाताखालील पोलिसांनी त्याच्या घरावर छापा घातला. हॅम्प्टन बिछान्यात असतानाच मारला गेला. मार्क क्लार्क हा दुसरा तरुणही ठार झाला आणि इतर काही जण जखमी झाले. जे वाचले, त्यांच्यावरच खुनाच्या प्रयत्नाचे आरोप ठेवण्यात आले. पँथरांनी प्रथम गोळीबार केला, घनघोर चकमक झाली, असे सरकारी वकिलांनी जाहीर केले. शिकागो ट्रिब्यूनने ११ डिसेंबरला पोलिसांची हकिकत ठळकपणे छापली आणि सोबत छायाचित्रे दिली. दारावर दिसणारे काळे ठिपके हे पँथरांच्या गोळ्यांची भोके आहेत, असे त्यांखाली सांगितले होते. दुसऱ्या एका पत्राचे, शिकागो सन-टाइम्सचे, बातमीदार त्या घरी गेले आणि त्यांनी ठिपके जवळून पाहिले. ती गोळ्यांची भोके नव्हती. ती खिळ्यांची डोकी होती.

हे सत्य बाहेर कसे आले, याकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. छाप्यानंतर पोलिसांनी घर मोहोरबंद केले नाही. पँथरांनी ते लोकांसाठी उघडे ठेवले. आमच्या भाषेत ज्याला स्थळपाहणी म्हणतात, ती सामान्य जनतेने केली. कामावर जाणारी माणसे, म्हाताऱ्या बायका, विद्यार्थी, असे हजारो लोक रांगेने त्या खोल्यांतून गेले आणि गोळ्या कोणत्या बाजूने कोणत्या बाजूस गेल्या, ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. मे १९७० मध्ये मध्यवर्ती सरकारच्या ग्रँड ज्यूरीने अहवाल दिला. पोलिसांनी ऐंशीहून अधिक गोळ्या झाडल्या होत्या. पँथरांची म्हणता येईल अशी गोळी फक्त एक होती. वाचलेल्यांवरील आरोप मागे घेण्यात आले. हॅम्प्टनच्या शरीररक्षकांचा प्रमुखच एफ. बी. आय. चा पगारी खबऱ्या होता आणि त्यानेच घराचा नकाशा पुरविला होता, हेही पुढे उघड झाले. न्यायास अडथळा आणल्याच्या आरोपातून हॅनरहॅन व त्यांचे सहकारी १९७२ मध्ये निर्दोष सुटले. मृतांच्या नातेवाइकांनी व वाचलेल्यांनी लावलेला दिवाणी दावा १९७७ मध्ये खालच्या न्यायालयात फेटाळला गेला, १९७९ मध्ये अपिलात पुन्हा उभा राहिला, आणि अखेर १९८२ साली मध्यवर्ती सरकार, जिल्हा व शहर यांनी मिळून १८ लाख ५० हजार डॉलर देऊन तो मिटविला. वृत्तपत्राचा निकाल सात दिवसांत लागला होता. न्यायालयास तेरा वर्षे लागली.

यावर कोणी म्हणेल की, पँथर काय सगळेच साधू होते? नव्हते. १९६९ साली न्यू हेवन येथे पक्षाच्याच माणसांनी एका सहकाऱ्याला हेर समजून छळले व ठार केले. पक्षाच्या पत्रातील भाषा व चित्रे पुष्कळदा रक्तपाताची असत. हे लपविणे म्हणजे दुसऱ्या बाजूचा एकतर्फी हुकूमनामा देणे होय. परंतु गुन्हा ज्याने केला त्याच्यावर खटला भरावा, त्याचे नाव घेऊन बातमी द्यावी. न्यूयॉर्कमध्ये एप्रिल १९६९ मध्ये बाँबस्फोटाच्या कटाचा आरोप ठेवून २१ पँथरांना गोवण्यात आले. त्यांपैकी ज्या १३ जणांचा खटला शेवटपर्यंत चालला, ते मे १९७१ मध्ये सर्वच्या सर्व १५६ आरोपांतून निर्दोष सुटले. दोन वर्षे त्यांची जी ओळख देशाला करून देण्यात आली, ती पुसून टाकण्याचा अधिकार कोणत्याही ज्यूरीला नसतो.

हा साठ वर्षांपूर्वीचा जुना इतिहास आहे, असे समजू नये. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड याचा मृत्यू झाला, तेव्हा पोलिसांच्या पहिल्या निवेदनात तो वैद्यकीय कारणाने झालेला मृत्यू म्हणून सांगितला होता. रस्त्यावर उभ्या असलेल्या १७ वर्षांच्या एका मुलीने आपल्या फोनवर ते दृश्य टिपले नसते, तर तेच निवेदन बातमी ठरले असते. पुढील वर्षी त्या पोलीस अंमलदारास खुनाबद्दल दोषी ठरविण्यात आले. २०२० मध्येच लॉस एंजेलिस टाइम्स व कॅन्सस सिटी स्टार या मोठ्या पत्रांनी कृष्णवर्णीयांविषयीच्या आपल्या पूर्वीच्या लिखाणाबद्दल जाहीर माफी मागितली. माफी स्वागतार्ह आहे. पण ज्यांच्याविषयी लिहिले गेले, त्यांतील पुष्कळ जण ती वाचण्यास उरलेले नाहीत.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी हा धडा फार पूर्वी घेतला होता. आपली बाजू आपणच मांडली पाहिजे, या हेतूने त्यांनी १८२७ साली न्यूयॉर्कमध्ये ‘फ्रीडम्स जर्नल’ हे आपले पहिले पत्र काढले. पँथरांनीही १९६७ मध्ये स्वतःचे पत्र सुरू केले. त्याच्या पहिल्या अंकाचा विषय पोलिसांच्या गोळीने मेलेला एक तरुण हाच होता. आपल्याकडे १९२० साली बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढले, तेही याच गरजेतून. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता, हे आपल्या घरांत सर्वांना ठाऊक आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विद्वानास पत्र लिहून, त्यांच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागविली होती. तो अर्ज त्यांना मूळ कागदात वाचावयाचा होता; इतरांनी त्याविषयी काय लिहिले, एवढ्यावर ते समाधानी नव्हते. आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन करणाऱ्या तरुणांनी नाव घेतले ते ओकलंडच्या त्याच पक्षाचे, ज्याला अमेरिकेच्या सरकारने देशाचा शत्रू ठरविले होते.

तेव्हा बंधुभगिनींनो, वृत्तपत्र वाचणे सोडू नका. वकील साक्षीदाराचे ऐकतो तसे वाचा. ही हकिकत कोणी सांगितली, तो घटनास्थळी होता काय, ज्याच्यावर आरोप आहे त्याला कोणी विचारले काय, त्याची मागणी काय होती, हे प्रश्न प्रत्येक बातमीस विचारा आणि आपल्या मुलांनाही विचारण्यास शिकवा. आरोपाचे कात्रण ठेवले असेल, तर खटल्याचा निकाल लागेपर्यंत ते फेकू नका. दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या धर्माच्या, दुसऱ्या देशाच्या चळवळीविषयी वाचतानाही हाच नियम लावा. आपल्यावरील एकतर्फी निकालाची चीड ज्याला येते, त्याने इतरांवर तसा निकाल देण्यास आपला हात उचलू नये. शिकागोच्या त्या घरापुढे रांगेत उभ्या राहिलेल्या सामान्य माणसांनी एवढेच केले होते. त्यांनी छापलेले चित्र बाजूस ठेवले आणि स्वतः जाऊन दरवाजा पाहिला.